राजीनाम्यात लिहिलेली शेवटची तारीख

हे प्रकरण गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यातलं, सप्टेंबर 2025 मधलं. मी तिथे कर्मचारी विभाग सांभाळतो. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला विचारून लिहितोय, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अर्ज चार ओळींचा होता. वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे, कामाचा शेवटचा दिवस सोमवार 22 सप्टेंबर धरावा, संपूर्ण हिशेब त्याच दिवशी मिळावा. खाली सही आणि टोकन नंबर. तारीख 11 सप्टेंबर. आमच्याकडे गणपतीनंतर राजीनामे येतातच. सिंधुदुर्ग-बेळगावकडची पोरं चतुर्थीला गावी जातात, तिथे कुणीतरी जास्त पगाराची बातमी सांगतं, आणि परत येतात ती अर्ज खिशात घालूनच. हा माणूस मात्र नगर जिल्ह्यातला, ख्रिस्ती, नऊ वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर. गणपतीला त्याने दुसऱ्यांच्या पाळ्या भरून काढल्या होत्या. कुठ्ठाळीत भाड्याची खोली, बायको, पाचवीतली मुलगी. दुसरी नोकरी बघितलीय का, असं विचारलं तर नाही म्हणाला. गावी जाताय? नाही. मग?

"साहेब, तेवीसला प्रभू येणार आहे."

हे त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की पुढचा प्रश्न मला चटकन सुचला नाही. तो मात्र तयारीने आला होता. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे 22 तारखेपर्यंत, आणि पीएफच्या नामनिर्देशनात बायकोच्या जागी गावी राहणाऱ्या आईचं नाव.

जग संपणार असेल तर पैसे कशाला, हा प्रश्न आमच्या लेखा विभागातल्या पोराने तोंडावरच विचारला. त्याचं उत्तर होतं की कुणाचं देणं डोक्यावर ठेवून जायचं नाही. भावाचे चाळीस हजार, दोन सहकाऱ्यांचे मिळून वीस हजार, किराणावाल्याचं थोडं. बायबलातल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौलाने कुणाचं काही देणं ठेवू नका असं लिहिलंय, ते त्याने सांगितलं. नामनिर्देशनाचा हिशेबही तितकाच सरळ होता. तो, बायको आणि मुलगी त्या दिवशी येशूकडे वर उचलले जाणार. आईचं चर्च वेगळं, तिचा तारखेवर विश्वास नाही, म्हणून ती मागे राहण्याची शक्यता आहे. मागे राहणाऱ्याच्या नावावर पैसे असलेले बरे. मी या खात्यात बरीच वर्षं आहे. वारस नेमताना इतका पुढचा विचार केलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. (कायदा मात्र अशा प्रसंगाला तयार नाही. माणूस नुसता नाहीसा झाला तर तो मेला असं धरायला सात वर्षं लागतात, तोवर आईच्या हाती काही पडलं नसतं.)

आता ही तारीख आली कुठून? दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रचारकाने एका मुलाखतीत आपल्याला झालेल्या दर्शनाबद्दल सांगितलं. 23 आणि 24 सप्टेंबरला येशू आपल्या लोकांना घ्यायला येणार, असं त्याचं म्हणणं. ते मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून जगभर पसरलं. 22 च्या सूर्यास्तापासून यहुद्यांचं नवं वर्ष लागत होतं. ‘रोश हशनाह’ हा कर्णे फुंकण्याचा सण, आणि पौलाच्या पत्रांत प्रभू येईल तेव्हा कर्णा वाजेल असं आहे, म्हणून जुळणी पक्की वाटली. आमच्या माणसाच्या फोनवर हे हिंदीतून आलं होतं. रात्रपाळीच्या सुट्टीत कँटीनमध्ये तो तेच बघत बसायचा, हे मला नंतर कळलं.

मी हिंदू, फोंड्यात वाढलेला. येशू परत येणार ही समजूत गोव्यात माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला नवी नाही. शेजारच्या घरात दर रविवारी ती म्हटली जाते. सन 381 मध्ये पक्क्या झालेल्या श्रद्धासूत्रात तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला वैभवाने पुन्हा येईल असं वाक्य आहे आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, बहुतेक प्रोटेस्टंट ते मान्य करतात. तेव्हा "असं काही नसतं" म्हणून त्याला उडवून लावणं म्हणजे त्याच्या तारखेबरोबर गोव्यातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेलाही उडवून लावणं झालं असतं. आमच्या उत्पादन प्रमुखांचा सल्ला तोच होता, शिवाय "बांबोळीला पाठवा" हेही. मनोरुग्णालय तिथे आहे म्हणून गोव्यात हा शब्दप्रयोग चालतो. मला तो पटला नाही. माणूस वेळेवर येत होता, माल बरोबर काढत होता, बोलण्यात ताळमेळ होता. चूक होती ती एका तारखेपुरती, आणि ती तारीख त्याच्याच धर्मात बसते की नाही हे आधी बघायला हवं होतं. ते सांगण्याचा अधिकार मात्र माझा नव्हता. कर्मचारी अधिकाऱ्याने कामगाराला बायबल शिकवू नये, विशेषतः तो अधिकारी दुसऱ्या धर्माचा असेल तर. म्हणून बोलणारी माणसं शोधली, आणि शोधता शोधता लक्षात आलं की याच्या एकाच आयुष्याभोवती येशूच्या येण्याविषयीची तीन निरनिराळी मतं जमलेली आहेत.

पहिलं आईचं. नगरला (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं. त्या काळच्या अमेरिकन मिशनऱ्यांत असं मत जोरात होतं की सुवार्ता, शाळा, दवाखाने यांच्या बळावर जग हळूहळू सुधारेल, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातलं हजार वर्षांचं सुखाचं राज्य या पृथ्वीवर येईल आणि त्या शेवटी ख्रिस्त परत येईल. ही वाट लांबची. दोन महायुद्धांनी या मताचा जोर ओसरला, पण त्या चर्चांचा स्वभाव तसाच राहिला. आई त्यातच वाढलेली. फोनवर तिने मुलाला सांगितलं, "देव येईल तेव्हा येईल, तू पोरीची शाळा बुडवू नको." मिशनने उभारलेल्या शाळेत शिकलेल्या बाईकडून दुसरं काय यायचं!

दुसरं मत घरमालकिणीचं. सत्तरी ओलांडलेली कॅथलिक बाई, त्याला ती आंटी. त्याने खोली सोडण्याचं कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली की मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, आम्हीही दर रविवारी तो परत येणार म्हणतो, म्हणून काही कुणी भाडं थांबवत नाही. तिच्या विनोदामागे बऱ्यापैकी जुनी शिकवण आहे. पाचव्या शतकात संत ऑगस्टिनने ती हजार वर्षं आकडा म्हणून न धरता चर्चचा सध्याचाच काळ म्हणून समजावून सांगितली, आणि पश्चिमेकडच्या चर्चने साधारण तेच धरलं. ख्रिस्त आधी येऊन पृथ्वीवर हजार वर्षं प्रत्यक्ष राज्य करील, ही कल्पना कॅथलिक धर्मशिक्षण नाकारतं. त्याच शिकवणीत त्याचं येणं कोणत्याही क्षणी होऊ शकतं असंही आहे, पण काळ-वेळ जाणणं तुमचं काम नाही हे प्रेषितांच्या कृत्यांतलं वाक्य लगेच जोडलेलं आहे. मला सगळ्यात नवल वाटलं ते एका जुन्या हुकमाचं. 1516 मध्ये, म्हणजे पोर्तुगीजांनी गोवा घेऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, तेव्हा रोममधल्या पाचव्या लॅटरन परिषदेने धर्मोपदेशकांना अंतिम न्यायाची किंवा ख्रिस्तविरोधकाच्या येण्याची ठरावीक वेळ जाहीर करायला बंदी घातली. बंदी घालावी लागली, यावरूनच त्या काळी तारखा सांगणाऱ्यांचं पीक किती असेल याचा अंदाज येतो.

तिसरं मत त्याचं स्वतःचं, आणि ते सगळ्यांत नवं. झुआरीनगरला एका घरात रविवारी हिंदी-मराठी प्रार्थना होते, तिथे तो सात वर्षं जातो. गोव्यात अशा लोकांना सरसकट ‘बिलिव्हर’ म्हणतात, कधी आदराने, बहुधा नाही. यांच्या शिकवणीत जग सुधारत नाही, बिघडत जातं. मग येशू आधी आपल्या लोकांना ढगांत वर उचलून घेतो, पृथ्वीवर सात वर्षांचं महासंकट येतं, आणि त्यानंतर तो उघडपणे येऊन हजार वर्षं राज्य करतो. उचललं जाण्याचा आधार थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे, तो जुनाच. पण उचलणं वेगळं आणि येणं वेगळं, मधे सात वर्षं, अशी मांडणी 1830 च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या आयरिश-इंग्लिश उपदेशकाने चालवली आणि 1909 च्या स्कोफिल्डच्या टिपांसह छापलेल्या बायबलने ती अमेरिकेत घरोघरी नेली. आज भारतातल्या बऱ्याच पेंटेकोस्टल मंडळ्यांत ती इतकी रुजलीय की ती दोनशे वर्षांचीही नाही हे सांगितलं तर लोक चकित होतात. चौथंही एक मत आहे, यरुशलेमचं मंदिर सन 70 मध्ये रोमनांनी पाडलं तेव्हाच येशूचे बरेचसे शब्द खरे ठरले असं मानणारं. ‘ही पिढी नाहीशी होणार नाही’ या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या वाक्याचा अर्थ लावताना ते उपयोगी पडतं. आमच्या प्रकरणात ते मानणारं कुणी नव्हतं.

मी झुआरीनगरच्या पास्टरना फोन केला तेव्हा मनात धाकधूक होती. हेच गृहस्थ तारखेचं मूळ निघाले तर? निघाले नाहीत. उलट तेच वैतागलेले होते. त्यांच्या मंडळीतली आणखी दोन कुटुंबं याच व्हिडिओंमागे लागली होती. "सर, आम्ही ‘कधीही’ म्हणतो. ‘मंगळवारी’ म्हणत नाही," असं ते म्हणाले. या प्रकरणाचा निम्मा गुंता त्या वाक्यात सुटला. आम्ही बाहेरचे लोक या मंडळींना एका रांगेत बसवतो आणि तारीख सांगणारे ते सगळे असं धरून चालतो. तारखेवाले त्यांच्यातही थोडेच असतात आणि त्यांना पहिला विरोध घरातूनच होतो.

पास्टरनी त्याला शनिवारी बोलावून घेतलं. मला यायला सांगितलं नव्हतं, मी गेलोही नाही. जे झालं ते दोघांनी आपापल्या परीने मला सांगितलं आणि दोन्ही हकिकती जुळतात.

भांडण एका वचनावरून होतं. त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, असं येशू मार्कच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात म्हणतो. एवढं स्पष्ट असताना तारीख कशी निघते, हे मला कोडं होतं. व्हिडिओवाल्यांकडे त्याला उत्तर आहे. कर्णे फुंकण्याचा सण अमावास्येनंतरची कोर दिसली की सुरू होत असे, कोर आज दिसेल की उद्या ते आधी सांगता येत नसे, म्हणून तो सण दोन दिवसांचा झाला; तेव्हा ‘दिवस आणि घटका ठाऊक नाही’ हा त्या सणाकडे केलेला गुप्त इशाराच आहे. युक्तिवाद चतुर आहे. चंद्रकोरीवर सण ठरवणाऱ्या लोकांच्या देशात तो लगेच पटतोही.

पास्टरनी त्याला पुढच्याच ओळी वाचायला लावल्या. घरधनी परदेशी जातो, नोकरांना अधिकार देतो, प्रत्येकाला ज्याचं त्याचं काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागं राहायला सांगतो. धनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडा आरवताना येईल की सकाळी, तुम्हाला माहीत नाही. सण ठरलेला असेल तर चारही प्रहर जागण्याचा हुकूम कशाला? बाकीचं वर्षभर झोपून ऐन सणाच्या दोन रात्री जागलं की पुरे झालं असतं. इशारा मानला तर पुढचा सगळा दाखला फुकट जातो. माझ्या मते तारखेविरुद्धचा याहून नेमका मुद्दा नाही, कारण तो बाहेरून आणलेला नाही.

त्याच्यावर परिणाम झाला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीचा. ‘प्रत्येकाला ज्याचं त्याचं काम.’ तीन पाळ्यांत नऊ वर्षं काढलेल्या माणसाला प्रहर आणि काम हे शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. पास्टरनी मग थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र काढलं. त्या गावातल्या विश्वासणाऱ्यांना कुणीतरी प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय असं पटवलं होतं. पौल आधी म्हणतो, घाबरून जाऊ नका. त्याच पत्राच्या शेवटी तो काम सोडून हिंडणाऱ्यांवर रागावतो, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये म्हणतो. दोन्ही गोष्टींचा संबंध पौलाने थेट जोडलेला नाही आणि अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. पण आमच्या माणसाला तो दिसला.

म्हणून त्याने तारीख सोडली का? नाही. शनिवारी तो एवढंच म्हणाला की मी वाट बघतो.

कारखान्याच्या बाजूने काय करायचं ते यानंतर सोपं झालं. पैशाचं गणित मी त्याच्यासमोर कागदावर मांडलं. पीएफ त्या वेळच्या नियमाप्रमाणे नोकरी सुटल्यावर एक महिना बेकार राहिल्यास पंचाहत्तर टक्के आणि दोन महिन्यांनी पूर्ण मिळायचा. ग्रॅच्युइटी मूळ पगार-महागाई भत्ता 16,000 धरून, त्याला 15 ने गुणून 26 ने भागायचं आणि नऊ वर्षांनी गुणायचं, म्हणजे सुमारे 83 हजार. ती द्यायला मालकाला तीस दिवस मिळतात. यातलं काहीही 22 तारखेच्या आत हातात पडणार नव्हतं. देणं फेडणं हाच राजीनाम्याचा हेतू असेल तर राजीनाम्याने तो साधत नव्हता. त्याऐवजी कामगारांच्या पतसोसायटीचं कर्ज घेऊन सहकाऱ्यांचे वीस हजार लगेच फेडता येत होते. हे त्याला पटलं. कर्ज घेऊन कर्ज फेडायचं आणि वर प्रभूला भेटायचं, यातली गंमत त्याच्याच लक्षात आली आणि त्या आठवड्यात तो पहिल्यांदा हसला.

राजीनामा मी फाडला नाही आणि मागे घ्या असंही सांगितलं नाही. नोटीस एक महिन्याची, ती माफ करायची नाही, एवढंच ठरवलं. म्हणजे 24 सप्टेंबरला तो आमच्याच हजेरीपटावर असणार होता, आणि राजीनामा अमलात येण्याआधी कर्मचाऱ्याला तो परत घेता येतो हे न्यायालयांनी पूर्वीच मान्य केलेलं आहे. 22 ते 24 अशी तीन दिवसांची हक्काची रजा दिली, कारणाच्या रकान्यात ‘धार्मिक’. नामनिर्देशन बदलायचा त्याला अधिकार होता, आई त्याच्यावर अवलंबून असल्याने अडचणही नव्हती. बायकोला विचारून करा, इतकंच सुचवलं. तिने साफ नकार दिला. तिचा तारखेवर नवऱ्याइतका विश्वास कधीच नव्हता, हे तेव्हा उघड झालं.

उत्पादन प्रमुखांशी एका गोष्टीवर माझं एकमत झालं. रजेवर जाईपर्यंत त्याला प्रेसवर ठेवायचं नाही. साठ टनांच्या प्रेससमोर मन दुसरीकडे असलेला माणूस नको, मग ते मन देवाकडे का असेना. त्याला तपासणीच्या टेबलावर बसवलं.

त्या सोमवारी घटस्थापना होती, त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले, आणि आमचा लेखा विभाग बिलांच्या गोंधळात होता. मंगळवार गेला, बुधवार गेला. 25 तारखेला तो पहिल्या पाळीला हजर झाला. कुणी चिडवू नये म्हणून मी पर्यवेक्षकाला आधीच बजावलं होतं. तरी कँटीनमध्ये एकाने विचारलंच, "काय रे, विमान चुकलं का?"

यात नवल वाटण्यासारखं फारसं नाही. 1844 च्या 22 ऑक्टोबरला अमेरिकेत विल्यम मिलरचे हजारो अनुयायी असेच रात्रभर जागले. बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकातले 2,300 दिवस म्हणजे 2,300 वर्षं धरून ती तारीख निघाली होती, आणि काही शेतकऱ्यांनी शेतातलं पीकही काढलं नव्हतं. सकाळ झाल्यावर बरेच विखुरले, काहींनी तारीख बरोबर पण घटना स्वर्गात घडली असा अर्थ लावला, आणि त्यांतूनच पुढे 1863 मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च रीतसर उभं राहिलं. पुण्याचं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच. हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या प्रचारकाने 2011 मध्ये 21 मे सांगितली, ती चुकल्यावर 21 ऑक्टोबर. चुकलेली तारीख बहुधा दुसऱ्या तारखेला जन्म देते. इथेही आठवड्याच्या आत त्याच फोनवर जुन्या कॅलेंडरचा आधार घेऊन ऑक्टोबरातली तारीख फिरायला लागली होती. तो व्हिडिओ त्याने मला स्वतः आणून दाखवला. मी काही बोललो नाही. दसऱ्यानंतर त्याने राजीनामा लेखी मागे घेतला. कारण लिहिलं नव्हतं, आणि मी मागितलंही नाही.

येशू येणार यावर त्याचा विश्वास पूर्वीइतकाच आहे. रविवारी तो झुआरीनगरला जातो. सोसायटीचा हप्ता पगारातून कापला जातो.

फाइलमध्ये काय नोंद करायची यावर आमच्यात वाद झाला. उत्पादन प्रमुखांना ‘निरीक्षणाखाली’ असा शेरा हवा होता. मी फक्त रजा, राजीनामा आणि तो मागे घेतल्याची पत्रं लावली. माझी रेघ वेगळ्या ठिकाणी आहे. त्याने मुलीला शाळेतून काढलं असतं, कुणाची औषधं बंद केली असती, झोप सोडली असती किंवा दुसऱ्या कामगारांकडून त्या तारखेच्या नावाने पैसे गोळा केले असते, तर मी पास्टरना फोन करून थांबलो नसतो. डॉक्टर आणि घरचे लोक त्याच दिवशी बोलावले असते. यातलं एकही घडलं नव्हतं. शेरा त्यामुळे लागला नाही, आणि पुढल्या महिन्यात तो पुन्हा प्रेसवर गेला.